तोंडी मारिओ

यंदाच्या भाऊबीजेला मी परभणीला माहेरी पोहोचले तेव्हा ओसरीवर एक लोखंडी पेटी उघडी पडलेली होती. घराला रंग देताना दादाने माळा रिकामा केला होता आणि माळ्यावरून जे जे खाली आले ते टाकायचे की ठेवायचे याचा निर्णय नेहमीप्रमाणे माझ्या येण्यापर्यंत तहकूब ठेवला होता. पेटीत आईची कल्हई गेलेली पातेली होती, बाबांच्या नोकरीतल्या फायली होत्या, आणि सगळ्यांच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आमचा टीव्ही गेम होता: पिवळट पडलेला पांढरा-लाल प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि चार कॅसेटी. हातात धरायच्या त्या वस्तूला आम्ही रिमोटच म्हणत असू. कंट्रोलर हा शब्द फार पुढे भेटला आणि अजूनही तो माझ्या तोंडी बसलेला नाही.

हा डबा मामाने १९९६ च्या दिवाळीत हैदराबादहून आणला होता. परभणीला तेव्हा मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे वाटे. बांगड्या काय आणि इलेक्ट्रिकच्या वस्तू काय, काचीगुड्याच्या गाडीनेच येत. डब्यात नेमके काय होते ते मला नोकरी लागल्यावर, वाचून कळले. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीला काढलेल्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राची ती नक्कल होती. कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्याही मूळ यंत्राप्रमाणेच साठ. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही छातीठोकपणे म्हणत आलो असलो, तरी त्या यंत्राला जपानहून परभणीपर्यंत यायला तेरा वर्षे लागली, आणि तेही नकलेच्या रूपाने. मूळ यंत्र करणाऱ्यांना आमच्या खरेदीतून एक पैसाही मिळाला नाही हे आज समजते. तेव्हा ते माहीत असते तर आम्ही डबा मामाला परत केला असता, असे मात्र मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

एका कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले होते. दादाने आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत वहीत यादी करून त्याचा छडा लावला, तेव्हा एकमेकांपासून खरोखर वेगळे असे तीस-पस्तीस गेम निघाले. बाकीचे तेच गेम वेगळ्या स्टेजपासून किंवा जास्त लाईफ देऊन नव्या नावाने पुन्हा मांडलेले होते. माणूस आकड्याने कसा फसतो याचा तो माझा पहिला धडा. पुढे मी गणित शिकवू लागले त्याच्याशी याचा संबंध असेलही.

त्या तीस-पस्तिसांत रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ होता, मोटारसायकलचा ‘एक्साइटबाइक’ होता, बदकांचा ‘डक हंट’ होता आणि अर्थात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होता. आमचा टीव्ही शटरचा आणि कृष्णधवल होता. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला, १९८५ साली आलेला हा मारिओचा गेम अवघ्या ४० किलोबाइटचा आहे: ३२ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रे. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभातचे एक गुलाबाचे चित्रसुद्धा याहून जड असते. एवढ्याशा जागेत बत्तीस स्टेज बसवायच्या म्हणून करणाऱ्यांनी आकाशातल्या ढगासाठी आणि जमिनीवरच्या झुडपासाठी एकच चित्र वापरले आणि फक्त रंग बदलला. रंगीत टीव्हीवर खेळलेल्या कित्येकांना ही गोष्ट मोठेपणी कुणीतरी सांगावी लागली. आम्हाला ती पहिल्याच आठवड्यात दिसली, कारण आमच्याकडे ढग जरा उजळ करडा, झुडूप जरा गडद करडे, आणि आकार तोच. रंग नसल्यामुळे युक्ती उघडी पडली होती. (यावरून गरिबीचे गोडवे गाण्याची मला मुळीच हौस नाही. तीन वर्षांनी रंगीत टीव्ही आला त्या दिवशी, मारिओच्या जगातले आकाश निळे आहे हे पाहून आम्ही दोघे अक्षरशः नाचलो होतो.)

या गेममध्ये खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती. त्याच यंत्रासाठी बॅटरी बसवलेल्या, म्हणजे खेळ लक्षात ठेवणाऱ्या कॅसेटी पुढे निघाल्या, पण त्या आमच्यापर्यंत कधी आल्या नाहीत. यंत्र बंद झाले की सगळे पुसले जाई आणि पुन्हा पहिल्या दुनियेच्या पहिल्या स्टेजपासून सुरुवात करावी लागे. आता यात परभणीची वीज मिळवून पाहावी. संध्याकाळी सातला ती जायचीच, दुपारी जाण्याची शक्यता असायची, आणि वाऱ्या-वावटळीच्या दिवसांत तर येण्याचीच शक्यता मोजावी लागे. गेमच्या शेवटी आठव्या दुनियेतल्या किल्ल्यात जो राक्षस बसलेला असतो म्हणतात, त्याची आणि आमची गाठ शाळेच्या वयात एकदाही पडली नाही. आमचा राक्षस खांबावर राहत होता.

परिणाम असा झाला की पहिल्या दुनियेच्या चार स्टेज आम्ही किती वेळा खेळलो असू याची गणतीच नाही, आणि त्या आम्हाला पाठ झाल्या. पाठ झाल्या हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. पावकी-निमकी जशी पाठ असते, आजीला हरिपाठ जसा पाठ होता, त्या अर्थाने पाठ. कुठे उडी घ्यायची, कुठे पळत सुटायचे, कुठे अर्धा क्षण थबकायचे, कोणत्या विटेला डोके मारले की नाणी निघतात, हे सगळे बोटांत तर होतेच, पण ते बोटांतून निघून जिभेवर येऊन बसले होते.

त्यातूनच ‘तोंडी मारिओ’ निघाला. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४४ च्या आसपास घुटमळत असतो आणि रात्री वीज गेली की घरात थांबणे अशक्य होई, तेव्हा आम्ही गच्चीवर बाजा टाकून झोपत असू. अंधारात एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने कॅसेट व्हायचे. खेळणाऱ्याने चाल बोलायची: “पळतो, डोकं मारतो, मशरूम घेतो, बुटक्यावर उडी, पहिली नळी, दुसरी नळी…” कॅसेट झालेल्याने ऐकायचे आणि चूक झाली की जाहीर करायचे, “मेलास.” बुटक्या म्हणजे तो भुवया चढवून चालत येणारा तपकिरी प्राणी, त्याचे खरे नाव वेगळे आहे, पण आमच्या घरात तो बुटक्याच होता. मध्येच थांबून आठवायला लागले तर कॅसेटने वेळ मोजायला सुरुवात करायची आणि वीस आकडे झाले की एक लाईफ गेली. शेजारची मुलेही येत. दोन गच्च्यांच्या मधल्या कठड्यावर बसून एकाच वेळी दोन-दोन तोंडी मारिओ चाललेले मला आठवतात.

या खेळातली सर्वांत तरबेज कॅसेट आमची आजी होती. आजी गंगाखेडची, अक्षरओळख जेमतेम, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रिमोटला तिने जन्मात हात लावला नाही. पण दुपारभर ती टीव्हीजवळच माळ ओढत बसलेली असे आणि तिला आमचे खेळणे दिसत नसले तरी ऐकू येत होते. कोजी कोंदो यांनी त्या गेमला दिलेले संगीत, वेळ शंभराच्या खाली उतरली की घाई करू लागते, ते ऐकून आजी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगत असे, “संपत आलं बरं का यांचं, ताटं घ्या.” एका रात्री दादा गच्चीवर दुसरी स्टेज बोलत होता. ती जमिनीखालची स्टेज आहे, तिच्या शेवटाकडे नळ्या लागतात. दादाने झपाट्यात “नळी ओलांडली” म्हटले आणि मी ऐकून घेतले. पलीकडच्या बाजेवर झोपली आहे असे वाटणारी आजी तेवढ्यात म्हणाली, “अरे, त्या नळीत फूल हाये ना. मेलास तू.” त्या नळीतून दात असलेले फूल वर-खाली होत असते आणि ते आत जाईपर्यंत थांबावेच लागते. आजीने ते फूल कधी पाहिले नव्हते. आम्ही तिथे थबकतो एवढे तिच्या कानाला ठाऊक होते.

जुन्या गेमची आठवण निघाली की लोक साधेपणाबद्दल बोलतात, निरागसपणाबद्दल बोलतात, चित्रे ठोकळ्यांची होती तरी मजा यायची असे म्हणतात. मला त्यातले फारसे पटत नाही. चित्रे ठोकळ्यांची होती कारण त्यांना इलाज नव्हता, आणि निरागस तर ते गेम मुळीच नव्हते, त्याबद्दल पुढे बोलेन. मला त्यांची जी गोष्ट हवीहवीशी वाटते ती एवढीच, की ते पाठ करता येत होते.

हे शक्य होण्याचे कारण यंत्राच्या पोटात आहे. फॅमिकॉमच्या कामाच्या स्मृतीत फक्त २ किलोबाइट जागा होती. एवढ्या जागेत दर वेळी नवे काही शोधून काढणारा शत्रू मावत नाही. मारिओ पुढे सरकला आणि पडद्याची उजवी कड एका ठरावीक जागी पोहोचली की ठरावीक प्राणी निघतो. परवा निघाला होता तिथेच आज निघतो आणि उद्याही तिथूनच निघणार. त्याआधीचा, १९८० सालचा ‘पॅक-मॅन’ही असाच होता. त्यातली चार भुते चार वेगवेगळ्या नियमांनी पाठलाग करतात, पण नियम पक्के असल्यामुळे आपण तेच वळण घेतले तर भुतेही तेच वळण घेतात, आणि म्हणून व्हिडिओ गेम पार्लरमधले पट्टीचे खेळाडू वाटाच्या वाटा पाठ करून डोळे मिटल्यासारखे खेळत. त्या गेमला शेवट रचलेलाच नव्हता. स्टेजचा क्रमांक आठ बिटांत, म्हणजे २५५ पर्यंतचेच आकडे मावतील एवढ्या जागेत, साठवल्यामुळे २५६ व्या स्टेजला हिशेब कोलमडतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. मारिओतही तोच घोटाळा आहे: कासवावर पुन्हा पुन्हा उड्या मारून लाईफ वाढवत नेल्या आणि त्या १२७ च्या पुढे गेल्या, तर यंत्र त्यांना ऋण संख्या समजते आणि मारिओ पुढच्या वेळी मेला की खेळच संपतो. अकरावीच्या वर्गात द्विमान पद्धती शिकवताना मी हे उदाहरण सांगते. एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलेही त्या वेळी फळ्याकडे बघतात.

पाठांतराची सर्वांत लाडकी ओळ मात्र ‘काँट्रा’ या गोळीबाराच्या गेमची होती. वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. सुरुवातीच्या चित्रावर हे दाबले की तीनऐवजी तीस लाईफ मिळत. ही ओळ आम्हाला शेजारच्या मुलाने त्याच्या मामेभावाकडून, त्याने नांदेडच्या कुणाकडून, अशा परंपरेने मिळाली. तिचा कर्ता काझुहिसा हाशिमोतो नावाचा कोनामी कंपनीतला प्रोग्रामर होता. ‘ग्रेडियस’ या गेमची १९८६ ची फॅमिकॉमवरची आवृत्ती तपासताना तो गेम त्याला स्वतःलाच अवघड जाऊ लागला, म्हणून त्याने आपल्या सोयीसाठी ही चोरवाट ठेवली. २०२० साली तो गेला तेव्हा दादाने मला बातमी पाठवली, खाली काही न लिहिता फक्त ती दहा बटणे क्रमाने लिहून.

आता निरागसपणाबद्दल. स्टेशन रोडच्या बाजूला एक व्हिडिओ गेम पार्लर होते आणि तिथे ‘मुस्तफा’चे यंत्र होते. या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, तो कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढला, पण महाराष्ट्रात, किंबहुना भारतातल्या कुठल्याही गावात हे नाव सांगितले तर कुणाला कळणार नाही आणि मुस्तफा म्हटले तर चाळिशीतला कुठलाही गृहस्थ जागेवरून उठेल. मी तिथे कधी गेले नाही. जाऊ नको असे मला कुणी सांगितलेही नव्हते. सांगण्याची गरजच नव्हती, कारण दारात दोन्ही बाजूंना सायकली टेकवून जी मुले उभी असत त्यांच्यामधून मुलगी आत जात नाही हे परभणीत सगळ्यांना ठाऊक होते. मुस्तफा मी दादाकडून ऐकला. रात्री तो स्टेज सांगे आणि मी त्याही पाठ केल्या, कधी न पाहिलेल्या, आजीने नळीतले फूल पाठ केले तशा. वीस वर्षांनी जुनी यंत्रे संगणकावर चालवणारा प्रोग्राम मिळाला आणि मी पहिल्यांदा तो गेम उघडला, तेव्हा खेळाडू निवडण्याच्या पडद्यावर चौघे उभे होते आणि त्यांतली एक बाई होती. हॅना डंडी तिचे नाव. दादाने पाच वर्षांत तिचा उल्लेख एकदाही केला नव्हता. फोन करून विचारले तर म्हणाला, “अगं, तिला कुणी घेतच नव्हतं.”

तो गेम मी त्या आठवड्यात संपवला आणि संपवताना लक्षात आले की तो रुपया गिळण्यासाठीच रचलेला आहे. प्रत्येक स्टेजच्या शेवटचा दांडगा गडी कितीही सफाईने खेळा, दोन-तीन लाईफ घेतल्याशिवाय सहसा हटत नाही. मग पडद्यावर उलटे आकडे मोजले जातात आणि तेवढ्या वेळात खिशात हात घालायचा असतो. आजचे गेम पैसे उकळतात म्हणून तक्रार करणाऱ्या माझ्या पिढीने हे विसरू नये. दादाचे दूध आणायच्या पैशातले किती रुपये त्या फटीत गेले हे आईला अजून कळलेले नाही.

पुढचे थोडक्यात. दहावीनंतरच्या सुट्टीत संगणकाच्या वर्गात फ्लॉपीवरून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळले. जॉर्डन मेकनर याने आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून १९८९ साली तो गेम केला, आणि राजकन्येला सोडवायला साठ मिनिटांची मुदत दिली. मुदतच असल्यामुळे तोही पाठ करावा लागे. बाबांच्या नोकियावर साप खेळले. मग कॉलेज, नोकरी, लग्न आणि बरीच वर्षे काहीच नाही.

यंदाच्या दिवाळीत भाचाही घरी होता. तो लातूरला नीटच्या क्लासला आहे. वसतिगृहात फोन जमा करावा लागतो, त्यामुळे सुट्टीचे चार दिवस तो फोनमध्ये राहायलाच येतो म्हणायला हरकत नाही. पेटीतला डबा पाहून तो मात्र लगेच उठला. टीव्हीच्या मागच्या भोकांत पिवळी वायर बसवली, मी कॅसेटला सवयीने फुंकर मारली (तिचा उपयोग नसतो, उलट श्वासातल्या ओलीने पट्ट्या गंजतात, उपयोग होतो तो काढून पुन्हा घालण्याचा, हे आता माहीत असूनही मारली) आणि पडद्यावर मारिओ उभा राहिला. आधी भाच्याने बंदूक उचलली. एकही बदक पडले नाही. बंदूक बिघडलेली नव्हती. तिच्या नळीतून गोळी सुटत नाही, उलट नळीत प्रकाश टिपणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीला तो उजेड दिसला तर नेम लागला असे यंत्र समजते. जुना काचेचा टीव्ही तो चौकोन त्याच क्षणी उमटवत असे. नवा टीव्ही चित्र आधी स्वतः घासूनपुसून मग दाखवतो, आणि तेवढ्या उशिरात यंत्राने निकाल दिलेला असतो. भाच्याला हे कारण गेमपेक्षा जास्त आवडले.

मग तो मारिओ खेळला. पहिल्याच बुटक्याला धडकून मेला, हसला, “सेव्ह कुठंय?” असे विचारून घेतले, आणि तासाभरात दुसऱ्या स्टेजच्या शेवटापर्यंत पोहोचला. मग रिमोट खाली ठेवून म्हणाला, “आत्या, पण हे दरवेळी सेमच येतंय की.”

ती तक्रार होती. मी ज्यासाठी जुन्या गेमवर जीव टाकते, नेमके तेच त्याला कंटाळवाणे वाटत होते, आणि त्याची बाजू समजून घ्यावी म्हणून मी त्याला त्याचा गेम, म्हणजे पब्जी, दाखवायला सांगितले. शंभर माणसे विमानातून बेटावर उड्या टाकतात, सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. समोर कॅसेट नसते, माणसे असतात, म्हणून कोणताही डाव दुसऱ्यासारखा होत नाही. पण मी बारकाईने पाहत होते. आठ किलोमीटर लांब-रुंद असलेल्या त्या बेटावरचे प्रत्येक गाव, त्यातल्या पोचिंकी नावाच्या गावातले प्रत्येक घर, कोणत्या जिन्याखाली लपता येते आणि कोणत्या खिडकीतून रस्ता दिसतो, हे त्याला तोंडपाठ होते. मी तसे म्हटले तर तो चमकला. त्याने त्याकडे पाठांतर म्हणून कधी पाहिलेच नव्हते; पाठांतर म्हणजे त्याच्या लेखी लातूरचे जीवशास्त्र.

फरक मला दिसला तो दुसरीकडेच. त्याने पाठ केलेले बेट त्याचे नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि दोन दिवस जेवला नव्हता. पुढच्या वर्षी जुलैत तोच गेम बीजीएमआय या नावाने आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा नाहीसा झाला, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा उगवला. मधल्या काळात अपडेटमध्ये घरे बदलली, बंदुका बदलल्या. बंदीची कारणे योग्य होती की नाही हा निराळा विषय आहे. पण जी वस्तू दुसऱ्याच्या यंत्रावर राहते ती पाठ करणे म्हणजे भाड्याच्या भिंतीवर उंचीच्या खुणा करणे. ‘द क्रू’ नावाचा मोटारींचा गेम २०१४ साली आला, लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतला, आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद करताच तो एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही बंद झाला. आमची नकली, चोरीची कॅसेट अठ्ठावीस वर्षांची झाली, त्यातली कित्येक वर्षे पेटीत पडून होती, आणि बुटक्या अजून त्याच जागेवरून निघतो.

आणखी एक गोष्ट त्या फोनमध्ये दिसली. भाच्याच्या चमूत एक मुलगी होती, त्याच्याच क्लासमधली. ती छान खेळत होती, पण पूर्ण डावात एक शब्द बोलली नाही. तिचा माइक बंद का, असे विचारल्यावर भाचा म्हणाला, “अनोळखी पोरं असतात ना. आवाज ऐकला की घाण बोलतात.” स्टेशन रोडवरच्या त्या दाराच्या सायकली मला आठवल्या.

नव्या गेमना सरसकट नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. मोठाले, शंभर-दीडशे गिगाबाइटचे गेम मी दादाच्या संगणकावर पाहते. त्यांतल्या डोंगरांवर ऊन पडते तसे पाहून थक्क होते आणि नकाशावरच्या खुणेमागे दहा मिनिटे चालून कंटाळते. रस्ता खूण सांगते, त्यामुळे रस्ता माझा होतच नाही. उलट २०१८ चा ‘सेलेस्ट’ नावाचा छोटा गेम मला फार आवडला. त्यात एक मुलगी डोंगर चढते, पडद्यापडद्यावर मरते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच पडद्याच्या सुरुवातीला पुन्हा उभी राहते. काटे दरवेळी त्याच जागी. मरण फुकट केले आहे आणि पाठांतर शाबूत ठेवले आहे. हे आमच्या वेळी असते तर मी आठव्या दुनियेतला राक्षस पाहून घेतला असता.

तो राक्षस मी पुढे कधीतरी संगणकावर, दर दोन मिनिटांनी खेळ साठवत साठवत, पाहिला. काही वाटले नाही. जणू दुसऱ्याच कुणाच्या गावाची वेस.

भाऊबीजेच्या संध्याकाळी डब्याच्या अडॅप्टरमधून वास आला आणि तो जळाला. ओवाळून झाले, जेवणे झाली, आणि ताटावर बसल्या बसल्याच दादा म्हणाला, “चल, एक-दोन.” मी कॅसेट झाले. दादाला सत्तेचाळीसाव्या वर्षी स्वतःच्या गाडीचा नंबर आठवत नाही, पण जमिनीखालची ती स्टेज त्याने न अडखळता म्हटली: नाण्यांच्या विटा, तारा, नळीतल्या फुलांसाठी दोन वेळा थांबला, वर जाणारे पाळणे, छतावरून पळत पुढच्या दुनियांत नेणाऱ्या शेवटच्या तीन नळ्या, डावीकडून चौथी, तिसरी, दुसरी दुनिया. फक्त पाळण्यांच्या आधी त्याने दोन बुटके मारले आणि मी म्हटले, तीन आहेत, मेलास. तो म्हणाला दोनच. भाचा म्हणाला, “तीन आहेत पप्पा, मी दुपारी मोजलेत,” आणि फोनवर एका मिनिटात दाखवतो म्हणून पुढे झाला. दादाने हात आडवा केला. फोनवरचा गेम मूळ कंपनीचा असणार, आपली कॅसेट नकली आहे, तिच्यात कुणी काय फिरवले असेल सांगता येत नाही, तेव्हा फोनचा पुरावा चालणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. आणि खरे सांगायचे तर ते मला मान्य आहे.

अडॅप्टर दुरुस्तीला दिला आहे.